ऐतिहासिक गेमची कथा : देवगिरी असो की मुक्तिसंग्राम, कामाचा क्रम असा लावा

मराठवाड्याच्या इतिहासावर गेम करायला घेणारी पोरं आता गावोगाव दिसतात. कुणाला देवगिरीचा वेढा हवा असतो, कुणाला मलिक अंबरची खडकी (म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर), कुणाला रझाकारांच्या काळातलं सरहद्दीवरचं गाव. त्यांची संहिता वाचायला मिळते तेव्हा चूक बहुधा एकाच जागी सापडते. कथा आधी पूर्ण लिहून होते, चित्रं काढून होतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, "आता इतिहास तपासून घेऊ." तोवर नायकाने अल्लाउद्दीन खिलजीला द्वंद्वयुद्धात हरवलेलं असतं आणि मागे पंधराव्या शतकातला चांदमिनार उभा असतो. दुरुस्ती म्हणजे निम्मा गेम पाडणं, म्हणून मग कुणी दुरुस्तच करत नाही.

दुसरा गट याच्या उलट चुकतो. तो इतका इतिहास गोळा करतो की खेळाडूला करायला काही उरत नाही. पाटी वाचा, पुढे चला, पुढची पाटी वाचा.

दोन्हींवरचा उपाय म्हणजे कामाचा क्रम बदलणं. आधी न हलणारं ठरवा, मग नोंदी जिथे गप्प आहेत त्या जागा शोधा, आणि खेळाडूचे निर्णय फक्त त्या जागांत बसवा. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. तिसरा आणि पाचवा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातात, त्यांना तेवढा वेळ द्या.

टप्पा १ : काळ आणि जागा छाटून लहान करा

"यादवकाळ" किंवा "निजामी राजवट" हा गेमचा काळ होऊ शकत नाही. तो फार मोठा आहे. एक साल, एक हंगाम आणि पायी फिरता येईल एवढा मुलूख ठरवा. "१२९६, देवगिरीचा वेढा, गडावरचं धान्याचं कोठार" हे चालेल. "सप्टेंबर १९४८, बार्शीच्या बाजूची सरहद्द (बार्शी हिंदुस्थानात, अलीकडे निजामाचं राज्य), एक गाव आणि एक नाका" हेही चालेल.

हंगाम ठरवणं लोक हमखास विसरतात, आणि सगळ्यात जास्त फुकटचा माल तिथेच असतो. देवगिरीवरची स्वारी १२९६ च्या सुरुवातीची, म्हणजे रब्बीची ज्वारी काढणीला आलेली. शेतात कणसं उभी असताना लोक गडाकडे पळताहेत, हे चित्र एका वाक्यातल्या माहितीपेक्षा जास्त सांगतं. सप्टेंबर १९४८ म्हणजे भर पावसाळा आणि काळी माती. त्या मातीत बैलगाडीचं चाक आखापर्यंत रुततं. तुमच्या गेममध्ये रस्ता सोडून शेतातून जीप भरधाव पळत असेल, तर जिरायत शेतकऱ्याचा कोणताही मुलगा गेम बंद करेल. उलट, चिखलामुळे गाडी सोडून पोतं पाठीवर घ्यावं लागणं हा खेळण्याचाच एक भाग होऊ शकतो.

तपासा: साल, महिना, पीक आणि पाऊसपाणी या चार गोष्टी एका ओळीत लिहिता येतात का? येत नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २ : नोंद, परंपरा, कल्पना अशी वही घाला

एक तक्ता करा, एक्सेलमध्ये केला तरी चालेल. प्रत्येक गोष्टीपुढे पाच रकाने: काय घडलं, ते कुणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं, आपल्या गेममध्ये ते कुठे येतं, आणि शेवटी शिक्का. शिक्के तीनच. नोंद, म्हणजे त्या काळाच्या जवळचा कागद, शिलालेख, नाणं किंवा ग्रंथ आहे. परंपरा, म्हणजे लोक सांगत आले आहेत किंवा फार नंतरच्या ग्रंथात आहे. कल्पना, म्हणजे आपण रचलं आहे.

देवगिरीचंच उदाहरण घ्या. वेढ्यात गडावर घाईघाईने गोण्या चढवल्या, त्यांत धान्य असेल असं वाटलं आणि उघडल्यावर मीठ निघालं, ही हकीकत सगळ्यांना पाठ असते. ती फिरिश्ताने सांगितली आहे. फिरिश्ता विजापूरच्या दरबारात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहीत होता. म्हणजे घटनेनंतर सुमारे ३०० वर्षांनी. दिल्लीचा इतिहासकार बरनी याचं लेखन १३५७ च्या आसपासचं, साधारण ६० वर्षांनंतरचं. अमीर खुसरो तर त्याच पिढीतला, पण खिलजी दरबाराचा कवी. तिघांना एकाच रांगेत बसवता येत नाही. मिठाच्या गोण्यांवर शिक्का पडतो "परंपरा". याचा अर्थ ती गोष्ट वापरायची नाही असा मुळीच नाही. ती कशी वापरायची ते पाचव्या टप्प्यात पाहू.

याच वहीत सालांचा घोळही निस्तरून टाका. काही जुन्या पुस्तकांत या स्वारीचं साल १२९४ दिसतं, पण आज मानलं जातं ते १२९६. एकच साल धरा आणि सगळीकडे तेच ठेवा.

साधनं जवळच आहेत. यादवकाळाच्या रोजच्या जगण्यासाठी लीळाचरित्रासारखं दुसरं पुस्तक नाही: माणसं काय खातात, कुठे मुक्काम करतात, घराला ओसरी कशी असते, कुणाशी कसं बोलतात, सगळं त्यात आहे. सातवाहनकाळ घेणार असाल तर तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंताचं काम प्रत्यक्ष पाहा, मग वस्तू रेखाटा. निजामकाळाचे सरकारी कागद बरेचसे हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आणि उर्दूत आहेत, त्यामुळे उर्दू वाचणारा एक माणूस सुरुवातीपासून संघात घ्या. जिल्हा गॅझेटिअर तर घरबसल्या वाचता येतात. आणि गावातल्या ऐंशी-नव्वदीतल्या माणसांना आत्ताच भेटा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

सावधान: गडावरचा गाइड जे सांगतो ते परंपरेच्या रकान्यात जातं, त्याने कितीही ठामपणे सांगितलं तरी. आजीने सांगितलेली आठवणही तिथेच, पण तिच्यापुढे आजीचं गाव आणि तेव्हाचं वय लिहा. "आम्ही तीन रात्री उसात झोपलो" ही आठवण रझाकारांच्या काळाबद्दल जे सांगते ते कागदावर मिळत नाही.

टप्पा ३ : खुंट्या ठोका

खुंटी म्हणजे खेळाडूने काहीही केलं तरी न हलणारी घटना. पाच ते सात पुरेत. देवगिरीसाठी त्या अशा असतील:

अल्लाउद्दीन उत्तरेतून अचानक येतो. राजपुत्र मुख्य सैन्यासह बाहेर असतो. खालचं नगर लुटलं जातं. राजा रामदेवराव गडावर अडकतो. राजपुत्र परत येऊन लढतो आणि हरतो. रामदेवराव खंडणी कबूल करतो. अल्लाउद्दीन परत जातो आणि रामदेवराव गादीवर राहतो.

खुंटी लिहिताना तिच्यातले बारकावेही तिथेच बांधून टाका. १२९६ च्या सुरुवातीला अल्लाउद्दीन सुलतान नाही. तो उत्तरेतल्या कडा या प्रांताचा सुभेदार आणि सुलतान जलालुद्दीनचा पुतण्या-जावई आहे. जलालुद्दीनचा खून त्याच वर्षी पुढे, जुलैत होतो. तेव्हा वेढ्याच्या वेळी कुणी त्याला सुलतान म्हणत असेल तर ती चूक आहे. पण तो चुलत्याला न विचारता आला आहे ही गोष्ट कथेसाठी सोनं आहे. त्यालाही घाई आहे, दिल्लीला कळायच्या आत परत जायचं आहे. वेढा घालणारा आणि वेढ्यात अडकलेला दोघेही घाईत असले की प्रसंगात आपोआप ताण येतो. असा ताण तुम्हाला रचावा लागत नाही, नोंद नीट वाचली की तो मिळतो.

आता मुख्य प्रश्न. युद्ध जिंकता येणार नाही असं ठरल्यावर खेळाडू खेळणार कशासाठी? इथे बहुतेक संघ घाबरतात आणि खुंटी उपटतात. "शेवट दु:खी आहे, खेळाडूला आवडणार नाही." खेळाडूला हरणं चालतं, त्याच्या हातात काहीच नसणं चालत नाही. म्हणून जिंकणं म्हणजे काय ते बदला. खालच्या नगरातलं आपलं घर वेळेत गडावर आणणं, कोठार अमुक दिवस पुरवणं, पोथ्यांची पेटी वाचवणं, जखमी भावाला लपवणं. हे सगळं जिंकता येतं आणि गमावताही येतं. इतिहासाच्या पुस्तकात यातलं काहीही लिहिलेलं नाही, त्यामुळे कशालाच धक्का लागत नाही.

सप्टेंबर १९४८ च्या खुंट्या याहून कडक आहेत, कारण त्या काळाची माणसं आणि त्यांची मुलंबाळं आपल्यात आहेत. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं, सोलापूरकडून नळदुर्गमार्गे मुख्य फळी गेली, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. रझाकारांचे अत्याचार ही खुंटी आहे. त्याचबरोबर रझाकार म्हणजे सगळे मुसलमान नव्हेत, हीसुद्धा खुंटीच आहे. रझाकारांविरुद्ध लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान याचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. आणि पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या भागांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, त्याची चौकशी करायला भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. ज्या गेमचा शेवट १७ सप्टेंबरच्या झेंड्यावर होतो, त्याच्या लेखकाला १८ तारखेनंतर काय झालं ते ठाऊक असलं पाहिजे. दाखवायचं की नाही ते कथा ठरवेल. पण ठाऊक नसलेला लेखक पात्रांच्या तोंडी अशी वाक्यं घालतो की ती आजच्या गावात कुणाला तरी जखम करतात.

तपासा: प्रत्येक खुंटीपुढे "खेळाडूने हे टाळायचा प्रयत्न केला तर गेम काय करतो?" हे लिहिलं आहे का? नुसतं "मिशन फेल" हे उत्तर आळशीपणाचं आहे. खेळाडू राजाला सावध करायला धावला, तर त्याला वेशीवर अडवा, उशीर होऊ द्या, कुणी विश्वास ठेवू नये. प्रयत्न करू द्या.

टप्पा ४ : नायक मधल्या उंचीचा घ्या

राजा नको, सेनापती नको. त्यांचं जवळजवळ सगळं नोंदलेलं असतं आणि तुम्हाला हात हलवायला जागा नसते. अगदी कोपऱ्यातला माणूसही नको, त्याला कुठे जायला कारण नसतं. ज्याला कामामुळे चार दारं उघडी असतात असा माणूस घ्या: कोठाराचा भांडारी, गोण्या वाहणारा बैलवाला, वैदू, मूर्तिकाराचा शिष्य. १९४८ साठी टपालवाला, कापसाचा अडत्या, करोडगिरी (जकात) नाक्यावरचा शिपाई, निरोप पोचवणारी बाई. मुक्तिसंग्रामात बायकांनी निरोप आणि हत्यारं पोचवल्याचं नोंदलेलं आहे, तेव्हा ही निवड सोयीसाठी केलेली वाटणार नाही.

खऱ्या व्यक्तींना पडद्यावर आणायचं तर थोडाच वेळ आणा आणि त्यांच्या तोंडी नवी शपथ, नवा संदेश, नवी प्रेमकथा घालू नका. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी जे म्हटलं नाही ते त्यांच्या आवाजात म्हणवून घेऊ नका. चक्रधर, गोरोबाकाका, नाथमहाराज यांना "दहा लाकडं आणून दे" असं सांगणारं पात्र करू नका. त्यांचा प्रभाव दाखवायचा तर त्यांचं ऐकून आलेला माणूस दाखवा.

आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक: प्रत्येक खऱ्या घटनेमागे आपलाच नायक. बँक लुटली ती त्यानेच, पूल उडवला तोही त्यानेच. ज्यांनी हे खरंच केलं, त्यांची नावं आपण त्यातून पुसतो. नायकाला त्यांच्या शेजारी उभा करा, त्यांच्या जागी नको.

टप्पा ५ : प्रसंग हातापासून लिहायला घ्या

संवाद सगळ्यात शेवटी. आधी खेळाडूचे हात काय करतात ते लिहा, मग त्यातून त्याला काय कळतं, मग कोण काय बोलतं. मिठाच्या गोण्यांचा प्रसंग या क्रमाने बांधून दाखवतो.

हात: खेळाडू चांगा नावाचा भांडारी आहे (कल्पना). काम साधं: रोज सकाळी गोण्या मोजायच्या आणि माणशी वाटप ठरवायचं. पहिले दोन दिवस त्याला फक्त मोजू द्या. आकडा पुरेसा दिसतो, खेळाडू निर्धास्त होतो. तिसऱ्या दिवशी नवी गोणी उघडायची. शिवण उसवायची, हात आत घालायचा. दाण्यांची सळसळ येत नाही, हाताला ओलसर खडे लागतात. बोट जिभेला लावायचं बटण खेळाडूनेच दाबायचं. या क्षणी संगीत नको, मजकूर नको.

कळणं: कोठारातला आकडा खेळाडूच्या डोळ्यांसमोर निम्म्यावर येतो. बाकीच्या गोण्या अजून न उघडलेल्या आहेत.

बोलणं: आता दोन माणसं, मोजकी वाक्यं.

चांगा: "या गोण्या कुणी मोजून घेतल्या?"
बैलवाला: "मोजल्या. उघडल्या नाहीत. लोक वाट सोडून पळत होते, भांडारी. तोंडं शिवलेली होती, तशीच वर चढवली."
चांगा: "कुणाच्या होत्या?"
बैलवाला: "कोकणातून आलेल्या. धनी पळाला होता."

मग निवड. राजाच्या माणसांना आत्ता सांगायचं. किंवा आधी सगळ्या गोण्या उघडून खात्री करायची, त्यात दिवस जातो. किंवा कुणाला न सांगता वाटप निम्म्यावर आणायचं. तिन्ही वाटांनी शेवटी खंडणीच ठरते, खुंटी हलत नाही. बदलतं ते असं की त्या दिवसांत कोण उपाशी राहिलं, कुणी चांग्याला चोर म्हटलं, आणि गडाखाली उतरताना त्याच्या सोबत कोण आहे.

या प्रसंगात एक गोष्ट मुद्दाम केलेली नाही. गोण्या कुणी दगाबाजीने ठेवल्या असं कुणी म्हणत नाही. हकीकतच परंपरेतली, तिच्यावर आणखी एक खलनायक रचला की परंपरा आणि कल्पना यांच्यातली रेघ पुसते आणि खेळाडू घरी जाऊन "फंदफितुरीने देवगिरी पडली" असं सांगत सुटतो. चूक, गडबड आणि घाई पुरेशी आहे.

सावधान: ज्या प्रसंगात खेळाडू फक्त ऐकतो, तो प्रसंग काढून टाकता येतो का ते आधी बघा. बहुधा येतो. त्यातली माहिती वस्तूत घाला. १९४८ च्या सरहद्दीवर दोन चलनं चालतात, हैदराबादचा हाली शिक्का आणि हिंदुस्थानचा कलदार, सात हालीला सहा कलदार असा साधारण भाव. हे सांगायला म्हाताऱ्याचं भाषण नको. बार्शीच्या दुकानदाराला हाली नाणी देऊ द्या आणि त्याला ती परत ढकलू द्या.

टप्पा ६ : बोली चाळून घ्या

लोक इथे दोन टोकांना जातात. एक तर पात्रं आजच्या मालिकेसारखी बोलतात, नाहीतर ज्ञानेश्वरीची नक्कल करू पाहतात. १२९० ची मराठी आजच्या खेळाडूला धावता धावता वाचता येणार नाही, तेव्हा वाक्यरचना आजची ठेवा, शब्द मात्र चाळा.

चाळणी अशी: फारसी-अरबीतून आलेले शब्द यादवकाळातल्या पात्रांच्या तोंडी नकोत. हुकूम, फौज, खबर, बाजार, शहर, दरवाजा, सरदार, शिपाई, हमाल, कारकून, तयार, हजार, आणि खुद्द किल्ला. हे सगळे आपल्याला इतके घरचे वाटतात की सुटून जातात. त्यांच्या जागी आज्ञा, दळ, वार्ता, हाट, नगर, वेस, सज्ज, सहस्र, गड, दुर्ग. "सरदार, फौज तयार आहे, हुकूम द्या" हे १२९६ मध्ये ऐकू आलं की कान दुखतो. "दळ सज्ज आहे. आज्ञा?" एवढं पुरे. पण संस्कृतचा भडिमारही नको. बैलवाला "अन्नधान्याचे वितरण" म्हणणार नाही.

गावाचं नावही काळाप्रमाणे. १२९६ मध्ये देवगिरी. दौलताबाद हे नाव मुहम्मद तुघलकाने राजधानी हलवली तेव्हाचं, १३२७ नंतरचं. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेलं ते खडकी.

१९४८ मध्ये मात्र चाळणी उलटी फिरवा. तिथे उर्दू काढाल तर खोटं होईल. निजामी राज्यात कलेक्टर नव्हता, अव्वल तालुकदार होता. ठाण्यावर अमीन. जकातीला करोडगिरी. सरकारी परिपत्रक म्हणजे गश्ती, आणि सभाबंदीची गश्ती निशाण ५३ लोकांच्या तोंडी होती. कागदावर फसली साल, म्हणजे महसुली वर्ष.

आणि गावातला माणूस पुण्यासारखा बोलत नाही. "तुम्ही पोत्यातून काय घेऊन जात आहात?" असं नाक्यावर कुणी विचारलं नाही.

शिपाई: "काय न्यायलाव पोत्यात?"
शेतकरी: "कापूस हाय साहेब. बार्शीला न्यायलो."
शिपाई: "चिठ्ठी?"
शेतकरी: "पाटलानं दिलती. भिजली बघा पावसानं."

लातूरकडची लकब वेगळी, नांदेडची वेगळी, पैठणची आणखी वेगळी. ज्या तालुक्यात कथा आहे तिथल्या माणसाकडून संवाद मोठ्याने वाचून घ्या. तो जिथे अडखळेल ती ओळ बदला.

तपासा: एका चौकटीत दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर येतो का? पळता पळता कानावर पडणारी वाक्यं चार-पाच शब्दांचीच ठेवा.

टप्पा ७ : मागचं दृश्य झाडून काढा

लेखकाला वाटतं हे चित्रकाराचं काम. चित्रकार आजच्या फोटोवरून काढतो, आणि फोटोत आजचा मराठवाडा असतो. म्हणून "काय नसावं" याची यादी लेखकानेच द्यायची.

देवगिरीवर १२९६ मध्ये चांदमिनार नाही, तो बहामनी काळातला, पंधराव्या शतकातला. तोफा नाहीत. बारादरी मोगलांची. भारतमाता मंदिर हे आजचं रूप १९४८ नंतरचं. खडकीत मलिक अंबरच्या हयातीत, म्हणजे १६२६ पर्यंत, बीबी का मकबरा नाही आणि पाणचक्कीही नाही. भडकल दरवाजा आणि नहर-ए-अंबरी ही मलिक अंबरची पाण्याची नहर मात्र हवी. पैठणला १९६५ आधी नाथसागराचं पाणी दिसता कामा नये, धरणाची पायाभरणीच त्या वर्षाची.

जेवण ही सगळ्यात मोठी फसगत. यादवकाळातल्या शेतकऱ्याच्या हातात भाकरी-ठेचा देण्याचा मोह सगळ्यांना होतो. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली, ती सोळाव्या शतकाच्या आधी इथे नव्हती. शेंगदाणे, बटाटा, टोमॅटो, पेरू, मका, तंबाखू यांचंही तेच. तिखट हवं तर मिरी आणि आलं. ज्वारीची भाकरी, तूर, मूग, तीळ, गूळ, ताक बिनधास्त ठेवा.

झाडंझुडपंही पाहा. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, घाणेरी अमेरिकेची, वेडी बाभूळही तिकडचीच. या सगळ्या जुन्या काळातून उपटा आणि कडुनिंब, वड, चिंच, पळस, बोर, साधी बाभूळ लावा. गाजरगवत देशात पसरलं ते १९५० च्या दशकापासून, त्यामुळे १९४८ च्या बांधावर ते नको. क्षितिजापर्यंत सोयाबीनही नको. तिथे ज्वारी, कापूस, तूर.

नकाशाही काढून बघा. १९४८ मध्ये लातूर जिल्हा नव्हता, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा १९८२ चा, जालना १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. लातूरला रेल्वे मात्र होती, बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांची. ती दाखवली तर जुन्या माणसांचे डोळे चमकतील.

टप्पा ८ : जाणूनबुजून मोडलेल्या गोष्टींची यादी

काही गोष्टी मोडाव्याच लागतात. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा २०२० चा गेम १२७४ सालातला आहे, पण त्यात नायक हायकू रचतो, आणि हायकूचा तो घाट कित्येक शतकांनंतरचा. करणाऱ्यांनी ते जाणून केलं, कारण थांबून निसर्गाकडे पाहण्याचा क्षण त्यांना हवा होता. तुम्हीही मोडा, पण प्रत्येक गोष्टीपुढे कारण लिहा. "देवगिरी ते वेस हे अंतर कमी केलं, कारण खेळाडूने तासभर नुसतं चालू नये" हे कारण आहे. "भारी दिसतं म्हणून" हे कारण नाही. आणि ज्या मोडण्याने एखाद्या जातीवर, धर्मावर किंवा खऱ्या व्यक्तीवर आळ येतो, तिला कोणतंच कारण पुरत नाही.

ही यादी गेममध्येच, मेनूत एका पानावर द्या. प्रत्येक मोठ्या प्रसंगापुढे वहीतला शिक्काही तिथे दिसू द्या: नोंद, परंपरा, कल्पना. खेळून झाल्यावर पोरं हे पान उघडतात आणि आपसांत वाद घालतात. तो वाद चांगला आहे.

टप्पा ९ : तीन वाचक, वेगवेगळे

एक, त्या भागातलं वयस्क माणूस. त्याला फक्त संवाद वाचून दाखवा आणि चित्रं दाखवा. दोन, त्या काळाचा अभ्यासक. त्याला वहीच द्या, सगळी कथा वाचायला सांगू नका. वेळ वाचतो आणि तो नेमक्या जागी बोट ठेवतो. तीन, त्या इतिहासातलं काहीच न जाणणारा खेळाडू. त्याला शेवटी एकच विचारा: "यातलं खरं काय होतं असं तुला वाटतं?" त्याचं उत्तर आणि तुमची वही जुळत नसेल, तर प्रसंगाची मांडणी चुकली आहे, माहिती नव्हे.

याच वेळी पडद्यावरची देवनागरी तपासा. युनिटी या गेम इंजिनात अक्षरं दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोमध्ये वेगळी सोय केल्याशिवाय जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी जाते. गोडो ४ या दुसऱ्या इंजिनात ही अडचण येत नाही. "शक्ती", "ज्ञान", "गऱ्हाणं", "पिंपळ" हे चार शब्द फोनवर टाकून बघा. ते नीट आले की बहुतेक मजकूर नीट येतो.

चुका सापडल्या की दुरुस्तीचा क्रम असा: आधी खुंट्यांमधल्या, मग खऱ्या व्यक्तींच्या तोंडची वाक्यं, मग नावं आणि पदं, मग बोली, आणि शेवटी झाडं-भांडी. वेळ कमी पडला तर गुलमोहर राहिला तरी चालेल, शोएबुल्ला खानाचं नाव चुकलेलं चालणार नाही. आवाज ध्वनिमुद्रित करायच्या आधी पहिले चार पूर्ण करा, कारण मजकूर बदलायला काही लागत नाही, पण नांदेडहून परत बोलवलेल्या कलाकाराचा दिवस आणि स्टुडिओचं भाडं दोन्ही लागतं.